पाखरांची नावे

वाचकहो, आपल्या घराच्या खिडकीतून दिवसाकाठी जी पाखरे दिसतात, त्यांपैकी किती पाखरांना आपण नावाने ओळखतो याचा एकदा हिशेब करून पाहावा. कावळा, चिमणी, पोपट, कबूतर, साळुंकी इथवर बहुतेकांची मजल जाते. कुणी फार तर घार आणि कोकीळ यांची भर घालील. त्यापुढच्या सगळ्यांना मिळून ‘कुठलासा पक्षी’ एवढे एकच नाव आपण देऊन टाकतो. ज्याला आपल्याजवळ नाव नाही त्याच्याकडे आपले लक्षही जात नाही. आणि ज्याच्याकडे लक्ष नाही ते नाहीसे झाले, तरी त्याची वार्ता आपल्या कानी येत नाही.

माझा व्यवसाय भाषांतराचा आणि संपादनाचा. एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत नेऊन बसवणे हे माझे रोजचे काम. कोशात शब्द सापडतो, परंतु त्यामागची वस्तू पाहिलेली नसली, की तो कागदावर निर्जीव पडून राहतो. ‘सारस’, ‘चक्रवाक’, ‘धीवर’ हे शब्द मी दिल्लीच्या कचेरीत बसून कित्येकदा लिहिले होते. त्या शब्दांना पिसे फुटली ती मात्र माझ्या सासरच्या गावी, गोंदिया जिल्ह्यात.

गोंदिया हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेचा जिल्हा. १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. उत्तरेस मध्य प्रदेशाचा बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा या भागातून दक्षिणेकडे वाहत जाते. हा सारा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. कोहळी समाजातील कुशल माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी येथे पाण्याचे उतार हेरून मातीचे बांध घातले आणि गावोगाव तलाव उभे केले. मालगुजारी गेली, पण तलाव राहिले. माजी मालगुजारी तलाव म्हणून लोक आता त्यांना लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात! जंगल, तळे, नदी आणि धानाच्या बांध्या ही चारही स्थळे येथे एका सकाळच्या चालीत गाठता येतात. पाखरांना याहून अधिक काय हवे?

आमचे गाव नदीपासून कोसभर अंतरावर आहे. रजा मिळेल तेव्हा आम्ही तेथे जातो आणि पहाटे मामंजींच्या मागोमाग निघतो. मामंजी पुढे, मी मधे आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा कधी पुढे, कधी मागे. मामंजींनी पक्षिशास्त्राचे पुस्तक कधी हाती धरलेले नाही. परंतु ते चालता चालता थांबतात, मान किंचित कलती करतात आणि म्हणतात, “ऐका.” पक्षिनिरीक्षणाचा पहिला धडा हाच होय. रानात पाखरू आधी कानाला भेटते, डोळ्यांना मागाहून.

येथे एक खुलासा केला पाहिजे. नवेगाव-नागझिरा हा या भागातील व्याघ्र प्रकल्प २०१३ साली घोषित झाला. त्याच्या आत मनास येईल तसे पायी हिंडता येत नाही. ठरलेल्या वाहनातून, वाटाड्यासह जावे लागते. आमच्या फेऱ्या असतात त्या गावाच्या शिवेवरच्या झुडपी रानातून. तेथेही पाखरांची उणीव नाही.

उन्हाळ्यात त्या रानात ‘टुक्, टुक्’ असा एका लयीत ठोका ऐकू येतो. भांड्यावर हातोडी पडावी तसा तो नाद, म्हणून त्या हिरव्या पाखराचे नाव तांबट. पावसाच्या तोंडावर आणखी एक आवाज चढत्या सुरात ओरडू लागतो. मराठी शेतकऱ्याने त्याचा अर्थ लावला ‘पेरते व्हा’, आणि पाखराला नाव दिले पावशा. हेच पाखरू हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ म्हणून प्रियकराचा शोध घेते. बंगालमध्ये ते ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’, असा आक्रोश करते. आणि इंग्रज साहेबाला उकाड्याच्या रात्री त्याच ओरडण्यात ‘ब्रेन फीवर’ ऐकू आला! पाखरू एक, सूर एक, पण ज्याच्या मनात जे घोळत होते ते त्याने त्या सुरात ऐकले. भाषांतराच्या धंद्यात इतकी वर्षे घालवूनही, मूळ एक आणि अनुवाद चार, चारही अस्सल, असे दुसरे उदाहरण मला आढळलेले नाही.

पावसाबरोबरच या रानात नवरंग येतो. हिरवा, निळा, पिवळसर, काळा, पांढरा, पोटाखाली शेंदरी. इतके रंग अंगावर असूनही पाचोळ्यात तो सहसा दृष्टीस पडत नाही. दोन सुरांची स्वच्छ शीळ तेवढी ऐकू येते. मध्य भारतात पिलावळ वाढवून तो हिवाळ्यासाठी दक्षिणेत आणि श्रीलंकेत जातो. तमिळ भाषेत त्याचे नाव ‘आरुमणिकुरुवी’, म्हणजे ‘सहा वाजताचे पाखरू’ असे आहे. कारण सकाळ-संध्याकाळ त्या सुमारास तो हटकून शीळ घालतो. आम्ही त्याचे रंग मोजले, तमिळ शेजाऱ्यांनी त्याची वेळ टिपली. दोन्ही नावे एकत्र ठेवली म्हणजे पाखराचे वर्णन पुरे होते.

स्वर्गीय नर्तकाचेही तसेच. पांढऱ्याशुभ्र नराची शेपटी दोन लांब फितींसारखी मागे लहरत जाते. मराठीत त्याला बाणपाखरू असेही म्हणतात. वैनगंगा ओलांडून बालाघाटात गेले की त्याचा ‘दूधराज’ होतो आणि तेथे तो मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी म्हणून मिरवतो. पाखराला मात्र नदीच्या या काठाचा आणि त्या काठाचा भेद ठाऊक नाही.

रान संपले की तळे लागते. हिवाळ्याच्या सकाळी पाण्यावर काळ्या पाखरांचे थवे तरंगत असतात. सारे अंग काळे आणि कपाळावर तेवढा पांढरा ठसा. आपल्या लोकांना तो गंध लावून पंढरीस निघालेला वारकरी दिसला, म्हणून नाव वारकरी. इंग्रज माणसाला त्याच कपाळात टक्कल दिसले! कमळाच्या पानांवरून लांब बोटांच्या पायांनी अलगद चालणारा तो कमळपक्षी. याच्या संसारात अंडी उबवण्याचे आणि पिले सांभाळण्याचे काम नराकडे असते. हे ऐकून आमच्या घरातील पुरुषमंडळी काही वेळ गप्प बसली होती.

तळ्यात मासेमारी करणाऱ्या समाजाचे नाव धीवर, आणि पाण्यावर एके ठिकाणी पंख फडफडवीत स्थिर राहून दगडासारखा खाली झेपावणाऱ्या पाखराचे नावही धीवर, कवड्या धीवर. डोंग्यातून आम्हांला पलीकडे नेणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याला मी ते पाखरू दाखवले. तो हसून म्हणाला, “बाई, तो आमच्याच नावाचा हाय. पन त्याचं जाळं कधी फाटत नाही.”

तळ्याकडून नदीवर गेले की शांतता वाढते. थंडीत वाळूच्या कडेला चक्रवाकांची केशरी जोडपी दिसतात. लडाख-तिबेटाकडील उंच प्रदेशातून ती येतात आणि उन्हे तापू लागली की परततात. रात्रभर एकमेकांच्या विरहात कंठणारी म्हणून संस्कृत कवींनी यांना अमर केले आहे. उन्हाळ्यात पात्र आटून वाळूचे पट्टे उघडे पडले, की नदीसुरय आणि टिटव्या त्या उघड्या वाळूवरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूचाच. हेच त्यांचे संरक्षण आणि हेच त्यांचे दुर्दैव. कारण माणसाला ती दिसत नाहीत. वाळू उपसणारी वाहने त्यांवरून जातात, डांगरवाड्यांच्या राखणीची कुत्री ती शोधून काढतात, वरच्या धरणातून अवेळी सुटलेले पाणी ती वाहून नेते. त्या दिवसांत आम्ही वाळूवर उतरत नाही, काठावरूनच पाहतो. पाहण्याची हौस पाखराच्या जिवावर येऊ नये, हा पक्षिनिरीक्षणाचा दुसरा धडा.

आता सारसाविषयी. या जिल्ह्याची खरी प्रतिष्ठा तोच आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच; मान ताठ केली की जवळजवळ पुरुषभर. राखी अंग, तांबडे डोके. नर-मादी सहसा जन्माचे सोबती असतात आणि माना आकाशाकडे करून एकसुरात साद घालतात, ती दूरवर ऐकू जाते. रामायणाच्या आरंभीचा क्रौंच म्हणजे सारसच, असे काही अभ्यासक मानतात. सम्राट जहांगीराने सारसांची एक जोडी पाळली होती, त्यांना लैला-मजनू अशी नावे दिली होती. पहिल्या अंड्यानंतर ४८ तासांनी दुसरे अंडे घातले गेले आणि अंडे ३४ दिवसांनी फुटले, अशी त्याची नोंद आहे. चार शतकांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या शास्त्राशी जुळते.

उत्तर प्रदेशाचा हा राज्यपक्षी तेथे पुष्कळ आहे. महाराष्ट्रात मात्र तो या पूर्वेकडच्या कोपऱ्यापुरताच उरला. अलीकडच्या गणनांत गोंदिया जिल्ह्यातील सारसांची संख्या पन्नाशीच्या आतच राहिली आहे. परसवाडा, झिलमिली अशा तळ्यांवर आणि भोवतीच्या शेतांत ते दिसतात. पावसाळ्यात ते घरटे बांधतात ते बहुधा पाणी साचलेल्या धानाच्या बांधीत. म्हणजे त्यांचे जगणे-मरणे एखाद्या अभयारण्याच्या कुंपणावर अवलंबून नसून, एका शेतकऱ्याच्या मनावर अवलंबून आहे.

एका भाद्रपदात मामंजींनी आम्हांला तलावाच्या पाळीवरून असे घरटे दाखवले. गवत आणि धान उपटून रचलेला मोठा ढीग, त्यावर एक सारस बसलेला, दुसरा थोड्या अंतरावर पहाऱ्याला. त्या बांधीचा मालक जवळच निंदणी करीत होता. घरट्याभोवतीचा तुकडा त्याने तसाच सोडला होता. इतक्या पिकाचे नुकसान सोसवते का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “चार पेंढ्या धान गेलं त गेलं. लेकुरवाळीला उठवावं कसं?”

त्या वर्षी दोन अंड्यांतून एक पिलू वाढले. दिवाळीत आम्ही तिघांना एकत्र चरताना पाहिले. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्या बांधीत एकच मोठा सारस होता. दुसरा शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून मेल्याचे गावात कळले. तारा, पिकांवरची विषारी औषधे, आक्रसत चाललेले तलाव ही या पक्ष्याच्या मृत्यूची नेहमीची कारणे आहेत. उरलेला सारस सकाळच्या वेळी साद घाली आणि तिला उत्तर येत नसे. माझ्या मुलाने त्या दिवशी आपल्या वहीत ‘सारस १’ एवढेच लिहिले. आणि शेतकऱ्याने? त्याने त्याही वर्षी तो तुकडा मोकळाच ठेवला होता.

पाखराला नाव असणे म्हणजे काय, ते मला तेथे उमगले. तो शेतकरी सारसाला ओळखत होता, म्हणून त्याचे घरटे वाचले. आणि गावाला तो नावाने ठाऊक होता, म्हणूनच त्याचे मरण बातमी झाले. अनोळखी पाखराच्या मरणाची बातमी होत नसते.

अशी नावे वेचून ठेवणारे एक गृहस्थ याच मुलखाने मराठीला दिले म्हणावयास हरकत नाही. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ सालचा, सोलापूरचा. परंतु वनाधिकारी म्हणून नवेगावच्या रानात त्यांनी दीर्घकाळ घालवला. आदिवासी, कोळी, गुराखी यांच्या तोंडची नावे त्यांनी टिपली, पक्षिकोश सिद्ध केला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी मराठीत रूढ केले. २०२५ साली ते निवर्तले. भाषांतर करणाऱ्या माणसाला अशा शब्दांचे मोल निराळे सांगावयास नको.

वाचकहो, आपण कोणत्याही राज्यात राहत असा, हा छंद आपल्या कुटुंबाला सहज जमण्याजोगा आहे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. सूर्योदयापूर्वी निघावे, मातकट रंगाचे कपडे घालावेत, बोलणे थोडे करावे. घरट्याजवळ जाऊ नये. छायाचित्राच्या मोहाने किंवा यंत्रावर पाखरांचे आवाज वाजवून त्यांना छळू नये. मुलांच्या हाती एक वही द्यावी. तीत तारीख, जागा, पाखराचे वर्णन आणि त्याचे स्थानिक नाव लिहावे. हे नाव पुस्तकातून उतरवण्याआधी आजीला, गुराख्याला, भाजीवाल्या मावशींना विचारावे. शेजारी परप्रांतीय असतील तर त्यांनाही विचारावे. त्यांच्या नावात पाखराचे जे लक्षण सापडेल ते कदाचित आपल्या नावात नसेल.

आरंभ केव्हा करावा, असे कुणी विचारील. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि थोर पक्षितज्ज्ञ सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून मानला आहे. हिवाळी पाहुणे तोवर आलेले असतात आणि हवाही चालण्यास सुखाची असते. परंतु सप्ताहाची वाट पाहिलीच पाहिजे असे नाही. उद्या पहाटे आपल्या अंगणातल्या झाडावर जे पाखरू बोलेल, त्याचे नाव विचारण्यापासूनही आरंभ करता येईल.