नंबर एकची प्रोसेस

ठाकुर्ली पूर्वेला, ९० फुटी रोडवरच्या आमच्या घरात एक जुना लिनक्स कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो. जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्ट हा अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम त्यावर वाचत असतो. काम त्याचं, पण माझा जीव जडलाय तो त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्यावर. नाव सिस्टमडी, प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) नंबर १. मशीन चालू झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी त्याला उठवतो. मग तो बाकीच्यांना.

तो सारखा डोकावून बघत नसतो. काही काम नसेल तर चक्क झोपतो. हाताखालची एखादी प्रोसेस संपली की कर्नल ‘सिगचाइल्ड’ हा सिग्नल पाठवतो आणि हा जागा होतो. संपलेल्या प्रोसेसची मेमरी तोवर परत गेलेली असते. तक्त्यात एक ओळ तेवढी उरते: तिचा नंबर, आणि ती कशाने गेली. कुणीतरी ती ओळ वाचेपर्यंत प्रोसेस ‘झॉम्बी’ म्हणून पडून राहते. जिचा पेरेंट आधीच गेला, ती पोरकी प्रोसेस बहुधा याच्याच पदरात येते, आणि तिची शेवटची ओळही हाच वाचतो. ही रीत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सपासूनची. तेव्हा या जागेवर ‘इनिट’ असे. सिस्टमडी आला २०१० साली.

वाचल्यावर काय करायचं, ते कारणावर ठरतं. त्या ओळीत शून्य असलं, म्हणजे काम नीट झालं; विषय संपला. ‘सिगटर्म’ने सांगून थांबवलं असेल, तरी तो ते नीट संपल्यातच धरतो. पण मोठं पान वाचताना मेमरी भरते, कर्नल टेसरॅक्टला मारून टाकतो, लॉगमध्ये ‘किल्ड, स्टेटस ९’ उमटतं. मग मी लिहून ठेवलेल्या ‘रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ या एका ओळीवर तो त्याला पुन्हा उभं करतो, सेकंदाचा दहावा भाग थांबून. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं, तर सहाव्यांदा मात्र हात लावत नाही. ‘फेल्ड’ अशी नोंद करतो आणि निर्णय माणसावर सोडतो. त्याचा हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. मरत्याला उठवत राहणं सोपं असतं. हट्ट कुठे सोडायचा, हे कळणं अवघड.

एक गोष्ट त्याला दिसत नाही. प्रोसेस संपली नाही, नुसती अडकली, तर त्याच्या लेखी ती जिवंतच. एकाच पानावर टेसरॅक्ट पहाटेपर्यंत अडून बसला, तरी हा शांत. त्यासाठी ‘वॉचडॉग’ लावावा लागतो: ठरावीक वेळाने प्रोसेसनेच ‘मी आहे’ असं कळवायचं, हाक चुकली की हा तिला थांबवणार. टेसरॅक्टला अशी हाक देता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने ती देणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहायला घेतली आहे. एक पान पुरं झालं की एक हाक.