दहा नंबरचा नट आणि वाफसा



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण गेल्या वर्षी सायलेन्सरच्या एका नटानं माझी सोयाबीनची पेरणी महाग केली.

माझी गाडी जुनी, शंभर सीसीची. दूध तिच्यावर, फवारणीचा पंप तिच्यावर, खताची बॅग तिच्यावर. गेल्या उन्हाळ्यात ती निळा धूर मारायला लागली. ऑइल पिऊ लागली म्हणजे रिंगा गेल्या, हेड उतरवावं लागणार. आणि हेड उतरवायचं तर आधी सायलेन्सर सोडावा लागतो. तो हेडला दोन स्टडवर बसवलेला असतो, वरून दहा नंबरचे दोन नट. एवढंच काम. म्हटलं, मिस्त्रीकडं कशाला जायचं, आखाड्यावर बसून आपणच खोलू.

तारीख होती १७ मे. दुसऱ्या दिवशी, १८ मे ला, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन. १९७२ साली याच तारखेला विद्यापीठ सुरू झालं, आणि दरवर्षी याच दिवशी खरीप मेळावा असतो. मला तिथून सोयाबीनच्या एमएयूएस-६१२ च्या दोन बॅगा आणायच्या होत्या. म्हणून ठरवलं, आज संध्याकाळी इंजिन खोलायचं, रात्री रिंगा टाकायच्या, सकाळी लवकर गाडीवर निघायचं. सगळी घाई तिथंच सुरू झाली.

पहिला नट कुरकुरत का होईना, निघाला. दुसरा हलेना. फिक्स पाना लावला तर घसरला, नटाचे कोपरे गोल झाले. मग रिंग पाना ठोकून बसवला आणि त्यात हातभर पाइप घातला. आण्णा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "दमानं घे." मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही गप बसा." आणि दोन्ही हातांनी ओढलं.

पाना फिरला. एकदम हलका. क्षणभर वाटलं, निघाला! खाली बघतो तर नट पान्यातच होता, आणि त्याच्यासोबत स्टडचा तुकडाही. बाकीचा स्टड हेडमध्ये, नखभर बाहेर. ज्यानं कधी बोल्ट तोडलाय त्याला तो हलकेपणा माहीत आहे. पोटात खड्डा पडतो.

आण्णा एवढंच बोलले, "वाफसा नसताना औत घातलंस."

सकाळी गावापर्यंत चालत आलो, काळी-पिवळी पकडली. मी पोहोचलो तोवर ऊन तापलं होतं, रांग लांब होती. माझा नंबर येईपर्यंत मला पाहिजे ते बियाणं संपलं होतं. चूक कुणाचीच नाही, माझी आहे. घरचं बियाणं पेरायचं ठरलं. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण बघितली, तर ६१ उगवले. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो पुरतं, तर ६१ ला साडेचौतीस किलो लागतं. चार एकराला १८ किलो बियाणं जास्तीचं गेलं.

गाडी ट्रॉलीत घालून मिस्त्रीकडं नेली. त्यानं तुटलेला स्टड बघितला आणि हसला नाही, याचं मला बरं वाटलं. आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली. मग स्टडच्या थुटक्यावर एक नवा नट बसवून वेल्डिंगनं चिकटवला. लालबुंद झालेलं थंड होऊ दिलं, डिझेलचे थेंब सोडले, आणि चहा सांगितला. मी म्हणालो, आता फिरवा की. तो म्हणाला, "मालक, जोर नका लावू, टाइम लावा."

चहा पिऊन झाल्यावर त्यानं पाना लावला आणि सोडायच्या आधी उलट थोडा आवळला! मग थोडा सोडला, परत आवळला, परत सोडला. अशा पंधरा-वीस हेलकाव्यांत अख्खा स्टड बाहेर आला. हेडचे आटे शाबूत.

त्या दिवशी त्याच्याजवळ बसून जे कळलं ते लिहून ठेवतो.

नट अडकतो कारण गंज ही मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खाते. आट्यांमधली फट ती भरून काढते. त्यात हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा. दोन वेगळे धातू आणि मधे ओल असली की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते, तीही आटे धरून ठेवते. आणि ओल कुठून येते? आपण गाडीवर युरिया, पोटॅशच्या बॅगा नेतो. फाटक्या बॅगेतलं खत सांडतं, हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंड खातं. मी पाच वर्षं खत वाहिलं, एकदाही गाडी नीट धुतली नाही. माझा नट मी तोडला त्या संध्याकाळी, पण तो अडकवला पाच वर्षं.

गरम केल्यानं उपयोग का होतो? तापल्यावर धातू फुगतो, ॲल्युमिनियम तर लोखंडाच्या जवळपास दुप्पट. त्या फुगण्या-आकसण्यात गंजाची पकड सुटते आणि थंड होताना तेल आत ओढलं जातं. मात्र जाळ करताना टाकी उतरलेली पाहिजे आणि पेट्रोलचं फडकं जवळ नको.

दुकानात तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० चा डबा मिळतो. तो १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवला. चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून नावात ४०. तो मारा, नाहीतर डिझेल सोडा, पण रात्रभर मुरू द्या. मारला आणि लगेच पाना लावला तर दोन्ही सारखंच.

दहा नंबरचा पाना वीतभरच का असतो? ६ मिलिमीटरच्या स्टडला तेवढाच जोर सोसतो म्हणून. पाना दुप्पट लांब केला की जोरही दुप्पट. मी घातलेला पाइप म्हणजे स्टड तोडायचं यंत्रच होतं.

फिक्स पाना अडकलेल्या नटाला लावूच नये. सहा कोनी गोटी लावा, ती कोपरे खात नाही. कार्बोरेटरच्या प्लस स्क्रूला बरोबर मापाचा ड्रायव्हर घ्या, मागून हलका ठोका द्या, मग फिरवा. आणि हातात पाना 'स्प्रिंगवानी' लागायला लागला, म्हणजे वळतोय पण सुटत नाही असं वाटलं, की थांबा. ती तुटायच्या आधीची सूचना असते. मला ती मिळाली होती.

परत बसवताना सायलेन्सरच्या नटाला कॉपर ग्रीस लावा, साधं तिथं जळून जातं. वखराची पास, पंपाचे नट-बोल्ट यांना साधं ग्रीस चालतं. हंगाम संपला की लावून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

वाफसा म्हणजे काय, हे आपल्या काळ्या रानात कुणाला सांगावं लागत नाही. ओल्यात औत घातलं तर ढेकळं निघतात, वाळल्यावर घातलं तर बैल मोडतो. मधले दोन दिवस धरायचे असतात. नटाचा वाफसा आपल्याला आणावा लागतो, तेलानं, उष्णतेनं आणि थांबून. पिढ्यानपिढ्या रानात थांबणारा मी, एका नटापाशी एक रात्र थांबलो नाही. आणि आण्णांना गप बसा म्हणालो, ते अजून टोचतंय.

यंदा १८ मे च्या आठ दिवस आधी गाडी धुतली, सगळ्या नटांना तेल सोडलं. आण्णांनाच गाडीवर बसवून मेळाव्याला नेलं. दोन बॅगा मिळाल्या.

तुमच्याकडं अडकलेला नट काढायची काय युक्ती आहे, जरूर सांगा. औताचा असो की गाडीचा.