दोष जन्माचा नसतो!

बीड जिल्ह्यातल्या आमच्या वस्त्यांवर कुत्रं चावलं की लेकराला उचलून सरकारी दवाखाना गाठावा लागतो. चावणारं कुत्रं बहुतेकदा गल्लीतलंच असतं. पिटबुल पाळायची ऐपत इथं कुणाची? पण १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं : पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींची आयात, पैदास, विक्री बंद करा. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

आम्ही माणसाची तुलना कुत्र्याशी करत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्याला पाणी होतं, आम्हाला नव्हतं, हे विसरलेलो नाही. पण जन्म पाहून दोषी ठरवणारी बुद्धी आम्ही लांबून ओळखतो. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी बांधवांवर हाच शिक्का मारला. कायदा १९५२ साली गेला. तरी चोरी झाली की संशय आधी पालावरच.

जात नव्हे, कृत्य बघा. कुत्रं मोकळं सोडणाऱ्या बेफिकीर मालकाला धरा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्यासाठीच आहे. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण करा. आणि रेबीजची लस गावाजवळच्या दवाखान्यात मिळू द्या. आमच्या लेकरांना वाचवेल ती लस, बंदीची यादी नव्हे.

जय भीम!