टायरपुराण

टायर हा काही ललितलेखनाचा विषय नव्हे, असे आमचे मराठीचे सर म्हणतील. पण ज्याच्या घरी महिनाभर दुसरे बोलणेच नव्हते, त्याने लिहावे तरी कशावर?

दादाने पुण्याहून जुनी पोलो जीटी आणली. आपल्याच जिल्ह्यात, चाकणला घडलेली ही गाडी; 2022 मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन जेमतेम 1200 सीसीचे, पण ताकद 105 अश्वशक्तीची. आंबवड्याला नागेश्वराचे देऊळ आणि झुलता पूल पाहायला येणारी मंडळी तिच्याकडेही वळून पाहू लागली. टायर मात्र पार गुळगुळीत. त्यातून वहिनीचे माहेर वाईला, आणि श्रावणात तिला बाळंतपणाला पोहोचवायचे ते मांढरदेवचा घाट ओलांडून! दादाचा धंदा दुधाचा. त्या पैशात शर्यतीच्या थाटाचे टायर बसणार कसे?

टायरच्या अंगावर त्याची सारी कुंडली कोरलेली असते. 185/60 आर 15 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 15 इंचांची. शेवटचे अक्षर वेगाचे : टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत, एच 210, व्ही 240. कंपनीने सांगितले त्याच्या खालचे अक्षर घेऊ नये हे खरे. पण दादाची नजर व्हीवर! आई म्हणाली, "भोरला जायचंय का इमानात बसायचंय?" व्ही तिथेच बारगळला.

एका दुकानदाराने फार स्वस्तात टायर दाखवले. नक्षी कोरी करकरीत. बाजूला बारीक चार आकडे होते : 1119. म्हणजे 2019 सालचा अकरावा आठवडा. रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते, कडक होते, आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

मग दादाने तोड काढली : दोनच नवे घेऊ आणि पुढे घालू, गाडी पुढचीच चाके ओढतात ना! ऐकायला हे पटते. परंतु ओल्या वळणावर पुढची चाके सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग उतरवला की बहुधा पुन्हा वळते. मागची सुटली तर मात्र गाडीच गरकन फिरते आणि सावरायला उसंत मिळत नाही. म्हणून नवी जोडी घ्यायचीच तर ती मागे घालावी. शिवाय आमच्या चारही टायरांच्या खोबणीतले 1.6 मिलिमीटरचे उंचवटे नक्षीला येऊन भिडले होते. तिथे दोनाने काय भागणार?

शेवटी दादाने भिशी उचलली. चारही टायर घेतले : कंपनीच्याच मापाचे, एच अक्षराचे, दोन महिन्यांपूर्वी बनलेले. रुंद टायरांचा हट्ट सोडला, त्यात बरेच पैसे वाचले.

श्रावणात भर पावसात आम्ही वहिनीला वाईला सोडून आलो. पूर्वी वळणावर टायर किंचाळायचे, तसे आता किंचाळत नाहीत. दादाला तेवढेच वाईट वाटते.