महाळुंग्याहून नदीकाठाने
ज्येष्ठ वद्य अष्टमी. काल देहूहून तुकोबांची पालखी निघाली, आज आळंदीहून माउलींची निघेल. महाळुंग्याच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची गर्दी. मी निघोज्याकडे उतरून इंद्रायणीचा काठ धरला. मोई, चिंबळी, केळगाव, मग आळंदी. १६८५च्या सुमारास तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज देहूहून पादुका घेऊन आधी आळंदीलाच येत. तिथून ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत पंढरीला जात. एकोणिसाव्या शतकात माउलींचे भक्त हैबतबाबा यांनी माउलींचा पालखी सोहळा वेगळा उभारला. म्हणजे देहू-आळंदी ही आजची आडवाट हाच जुन्या वारीचा पहिला टप्पा! चालताना ऊर भरून आला. पण पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. वारकरी यातच श्रद्धेने बुडी मारतात. फार संताप झाला.