पाठीवरचं गाठोडं

तासगावकडच्या विहिरीत मी पोहायला शिकलो तो पाठीला पत्र्याचा डबा बांधून. चुलत्यांनी काठावरून ढकलून दिलं. मी नाकातोंडात पाणी घेत वर आलो. श्रेय अर्थातच डब्याचं. आता टेक्सासमध्ये सुपर डेकॅथलॉन या कसरतीच्या विमानात बसण्याआधी सात-आठ किलोचं पॅराशूट चढवतो, तेव्हा हमखास तो डबा आठवतो. पण डबा आपणहून वर आणायचा. पॅराशूटचं तसं नाही, त्यासाठी आधी विमानाबाहेर पडावं लागतं, आणि खरं घोडं तिथंच अडतं.

इथला कायदा गमतीचा आहे. सोबत प्रवासी असेल आणि विमान मुद्दाम 60 अंशांहून जास्त कलवायचं असेल, किंवा नाक क्षितिजापासून 30 अंशांहून जास्त वर-खाली न्यायचं असेल, तर आतल्या प्रत्येकाच्या अंगावर पॅराशूट हवं. वैमानिक एकटाच असला तर सक्ती नाही. त्याने आपलं आपण पाहावं! मी एकटा असतानाही घालतो. दर 180 दिवसांनी रिगर ते उलगडून तपासतो, पुन्हा घडी घालतो आणि सील लावतो. हौशी उड्या मारणाऱ्यांकडे जादाचं दुसरं पॅराशूट असतं. आमच्याकडे हे एकच.

डेकॅथलॉनला दार एकच, उजवीकडे. आणीबाणीची मूठ ओढली की बिजागरीच्या पिना सुटतात आणि दार वाऱ्यावर जातं. मग पट्टे सोडायचे, मग बाहेर. हा क्रम उलटा झाला आणि विमान उलटं असलं, तर माणूस छताला आदळतो आणि मूठ शोधत बसतो. शोधायला वेळ असतोच असं नाही. कसरतींसाठी जमिनीपासून किमान 1500 फुटांची मर्यादा आहे. नाक सरळ खाली आणि वेग ताशी 180 मैल असला, तर सेकंदाला 264 फूट जातात. म्हणजे ते 1500 फूट सहा सेकंदांच्या आत संपले. म्हणून मी बराच वर राहतो, आणि किती फुटांखाली विमान सावरण्याचा नाद सोडायचा, तो आकडा जमिनीवर असतानाच मोठ्याने म्हणतो. वर गेल्यावर मन घासाघीस करतं.

मागे पुण्याचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला आला. पहिल्या फेरीनंतर इंजिन बंद केलं, बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने खांद्याचे, कमरेचे पट्टे सोडले आणि त्याच झपाट्यात पॅराशूटच्या छातीवरच्या पट्ट्याला हात घातला.

"काका, हे इथंच सीटवर सोडू ना?"

"नको. घालूनच उतर."

त्याला वाटलं, काका शिस्तीचं नाटक करतायत. पण बोटं अडाणी असतात. रोज विमानाचे पट्टे सोडून लगेच पॅराशूटचेही सोडायची सवय लागली, तर ती वरही तेच करतील, आणि माणूस मोकळ्या अंगाने बाहेर पडेल. विमानातून पॅराशूटसकट बाहेर पडायचा सराव आम्हाला दुसरा कुठे मिळतो? रोजचं उतरणं हाच तो.

मग त्याला हॅरॉल्ड हॅरिसची गोष्ट सांगितली. 20 ऑक्टोबर 1922, अमेरिकेतलं डेटन. चाचणीच्या उड्डाणात विमान हादरून मोडायला लागलं, हॅरिस बाहेर पडला. पॅराशूट उघडणारी कडी ओढायची, तर हात जात होता पायाच्या पट्ट्यावरच्या अडकणीकडे, तोही पुन्हा पुन्हा. शेवटी कडी सापडली, पॅराशूट उघडलं आणि गडी उतरला तो एका परसातल्या द्राक्षाच्या मांडवावर! द्राक्षांच्या तासगावातल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट सांगताना मांडवाची अंमळ जास्तच काळजी वाटते.

तेव्हापासून पोरगा घामाघूम होत पॅराशूटसकट उतरतो. पंखाखाली उभा राहून आधी मान वाकवून पॅराशूटची कडी नीट पाहतो, मग तिच्यावर हात ठेवतो. ओढत मात्र नाही. पुन्हा घडी घालून घ्यायची तर रिगरचे पैसे त्यालाच भरावे लागतील, हे मी आधीच सांगून ठेवलंय.