नकाशावरची घोण आणि गडग्यातली

स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स या घोणीला लिनियसने १७५८ मध्ये नाव दिले. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया अशी तिची नोंद आहे. कॅरिबियन बेटांवर ती जहाजांतल्या मालाबरोबर पोचली असावी. पायांच्या २१ जोड्यांचा हा प्राणी नागपूरच्या रखरखाटातही राहतो आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या कोकणातही. म्हणून तिला 'कुठेही जगणारी' म्हणतात. खरी गोम इथेच आहे. माझ्या मते घोण काटक नाही, चोखंदळ आहे. तिला हवी तशी वीतभर जागा देशभर विखुरलेली आहे, इतकेच.

याचा पुरावा तिच्या शरीरात सापडतो. कीटकांप्रमाणे तिला श्वासरंध्रे घट्ट मिटता येत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत अंगातले पाणी भराभर उडते. शिवाय मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून कित्येक आठवडे उपाशी बसते, आणि कुणी डिवचले तर कधीकधी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. म्हणजे ओल हवी, पण पाणी साचायला नको, आणि निवांतपणाही हवा. रत्नागिरीचा सडा वरून पाहिला तर यातले काहीच देत नाही: उन्हाळ्यात जांभा तव्यासारखा तापतो, आषाढात त्याच कातळावर तळी साचतात. पण कातळाची भेग, चिऱ्यांचा गडगा, आगरातल्या माडाच्या बुंध्याशी साचलेला पातेरा इथे हे तिन्ही जुळून येते. दगडाखालची ही हवा नागपूरच्या बांधाखालच्या हवेपेक्षा फार वेगळी नसावी. आपण नकाशा जिल्ह्याच्या मापाने काढतो. घोणीचा मुलूख बोटांनी मोजावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, मग ती पावसात न्हाणीघरात का येते? चोखंदळ असती तर घरात कशाला शिरली असती? उत्तर असे, की बिळात पाणी भरले की कोरडी नव्हे, पण न बुडणारी जागा शोधणे भाग पडते, आणि न्हाणीची मोरी नेमकी तशीच असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सड्यावर सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून हापूसची कलमे लावली, तेव्हा घोणीला नवी ओल मिळालीच की! हे मला मान्य आहे. आच्छादन घातलेले आळे तिला मानवत असणार. पण त्यावरून कातळावरच्या बाकीच्या प्राण्यांचेही भागले असे ठरत नाही. एका प्रजातीचा पसारा दुसरीच्या टंचाईवर पांघरूण घालतो.

नावांचाही घोळ आहे. या घोणीच्या काही रूपांना पूर्वी 'अमेझोनिका' म्हणत, बी. एस. जंगी यांनी १९५५ मध्ये तिच्या शरीररचनेवर लिहिले ते त्याच नावाने. पुढे ते नाव मॉर्सिटन्समध्ये विरले. उलट, पश्चिम घाटातल्या डिजिटिपिस या घोणींच्या गटात जाह्नवी जोशी आणि के. प्रवीण कारंथ यांच्या २०१२ च्या जनुकीय अभ्यासात एका नावाखाली दडलेली विविधता उघडी पडली. तेव्हा 'सर्वत्र' म्हणजे एकच प्रजाती की अनेक, हे रंगावरून ठरवण्यात अर्थ नाही. मॉर्सिटन्सचे रंग ठिकठिकाणी बदलतात. म्हणून नोंदवहीत 'रत्नागिरी' एवढेच लिहिणे मला अपुरे वाटते. गडगा की आळे, दगडाखाली किती खोल, वैशाख की श्रावण, माती हाताला चिकटत होती की भुसभुशीत होती, हेही लिहायला हवे.